मिनिटभर कुणी बोलू नका

दातांच्या दवाखान्यात कुणी हौसेने जात नाही. ती मात्र त्या दिवशी हौसेने गेली होती, कारण तिचे दात ठणठणीत होते आणि दवाखाना तिने केलेला होता. भिंती, दिवे, बाकं, काचेची दारं आणि डॉक्टरीणबाईंच्या हट्टापायी बसवलेली चकचकीत पांढरी फरशी — सगळं तिच्या हातचं. कपाटांची दारं नीट लागतात ना, एवढं बघून ती निघणारच होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत तिला तो दिसला.

बाकीचे पेशंट शहाण्यासारखे बाकांवर बसले होते. हा एकटाच गाल धरून खोलीच्या मधोमध उभा. त्याने गालावरचा हात काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाडकन एक टाळी वाजवली. मान तिरकी करून काहीतरी ऐकलं. मग दोन पावलं कोपऱ्याकडे सरकून पुन्हा एक टाळी.

"कुणाला बोलावताय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग टाळ्या कुणासाठी?"

"खोलीसाठी," तो म्हणाला. इंजेक्शनने त्याचा अर्धा ओठ झोपला होता, त्यामुळे शब्द तोंडाच्या एकाच बाजूने, एकेक करून बाहेर पडत होते.

खोलीसाठी टाळ्या! आर्किटेक्टच्या जातीला याहून गोड काही ऐकायला मिळत नाही. दवाखाना होऊन इतके दिवस झाले तरी कुणी एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे ती लगेच विरघळली.

"आवडली का?"

"दिसायला फारच सुंदर आहे," त्याने मनापासून सांगितलं. "ऐकायला... भयंकर."

तिला काही बोलायला मिळालंच नाही, कारण आतल्या खोलीत दात कोरायचं यंत्र सुरू झालं. तो चिरका आवाज दारातून बाहेर आला, फरशीवर आपटला, काचेवर आपटला, छताला जाऊन परत आला. बाकावरच्या आजोबांच्या हातातलं मासिक खाली पडलं. एक मुलगी आईच्या पदराआड तोंड लपवून मुसमुसायला लागली.

"बघा," तो म्हणाला. "आत एकाची दाढ कोरतायत आणि इथे सगळ्यांच्या दुखायला लागल्या. ही खोली ज्याने केली ना, त्याला एकदा इथे दाढ धरून बसवायला पाहिजे."

"त्याला नाही, तिला."

"अं?"

"मी केलीय."

तो ओशाळला, पण अर्ध्याच चेहऱ्याने. उरलेला अर्धा इंजेक्शनच्या कृपेने तसाच मख्ख राहिला. त्याने तोंड उघडलं, बहुधा माफी मागायला, पण तेवढ्यात आतून त्याचा नंबर पुकारला गेला आणि तो गाल धरून निघून गेला. कपाटांच्या दारांचं तिला काही आठवेना. ती रस्ताभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत गेली आणि प्रत्येक वेळी तोच जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात ती सगळ्यांच्या आधी पोचली. दार लावून घेतलं, कुणी नाहीसं पाहून खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने हळूच एक टाळी वाजवली. मग मान तिरकी करून ऐकलं. काही कळलं नाही. पण ही खोली आपल्याला आजवर एकदाही ऐकू आलेली नाही, एवढं मात्र कळलं, आणि त्या गोष्टीचं तिला फार नवल वाटलं.

ऑफिस तिच्या आत्याचं. आत्याने आणि तिच्या भागीदाराने ते मिळून काढलेलं. भागीदाराला सगळं ऑफिस काका म्हणायचं, जरी ते कुणाचेच काका नव्हते. काका बोलायला लागले की समोरचा माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरायचा. आत्या मोजकं बोलायची आणि बोलली की ते होऊन जायचं. त्या महिन्यात आत्याच्या डोक्यात पॉडकास्टने घर केलं होतं.

"आपण आर्किटेक्ट लोक एकमेकांशीच बोलतो," आत्या म्हणाली. "बाकीच्यांना नकाशा दाखवतो. ते मान डोलावतात आणि घर बांधून झाल्यावर विचारतात, अय्या, खिडकी इथे होती होय? म्हणून आता नकाशा नाही, फोटो नाही, काही नाही. नुसतं बोलायचं. लोक भांडी घासताना ऐकतील, गाडी चालवताना ऐकतील. नाव ठेवलंय, 'आत या'."

"हे तुझंच नाव मधून तोडलंय," काका म्हणाले. आत्याने तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

"पहिले काही भाग तू बोलायचे," आत्या तिला म्हणाली.

रेघ कशी मारावी ते तिच्याकडून शिकावं, पण बोलायची वेळ आली की तिची गाडी अडायची. वाक्य सुरू व्हायचं, मग 'म्हणजे', मग 'अं', मग नुसताच विराम. त्या विरामात काका कळवळून उडी घ्यायचे आणि तिचं वाक्य पुरं करून टाकायचे. बहुतेक वेळा भलतंच.

"काका काय वाईट बोलतात?" ती कुरकुरली.

"काका उत्तम बोलतात. पण वाचनालयाच्या बैठकीत ते बोलले तर काय होईल, सांगू?"

ते सांगायची गरज नव्हती. मुलांच्या वाचनालयातली वाचायची खोली तिने काढली होती. बुटकं छत, भिंतीत कोनाडे, कोनाड्यात उशा. मूल पुस्तक घेऊन आत शिरलं की बाहेर यायचं नाव काढणार नाही, अशी. आजवरच्या कामात तिचा जीव एवढा कशातच अडकला नव्हता. पण वाचनालयाच्या समितीला हवा होता घुमट. काचेचा, उंच, फोटोत छान दिसणारा. आणि काकांना जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलेलं नव्हतं.

"बैठकीत तू उभी राहिलीस तर तुझी खोली होईल," आत्या म्हणाली. "काका उभे राहिले तर घुमट होईल. बोलायची सवय या पॉडकास्टवर होईल. आता तूच ठरव. आवाजाचा माणूस येईलच एवढ्यात."

दार वाजलं. दोन खांद्यांवर दोन पिशव्या, गळ्यात हेडफोन आणि गालाला कसलीही सूज नसलेला तो आत आला. तिला पाहून दारातच थबकला.

"दाढ कशी आहे?" तिने विचारलं.

"गेली," तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी अर्ध्यातच राहिलेलं हसू आज पुरतं दिसलं. चांगलं होतं. आपण त्याच्यावर रागावलेलो आहोत, हे तिला आठवावं लागलं.

त्याच्या मागे तिने आत्याकडे त्याचा उल्लेख 'श्रीयुत दाढदुखे' असा केला आणि ऑफिसात तेच नाव पडलं.

पहिला भाग जिन्याबद्दल होता. तिने दम खाऊन सुरुवात केली. "तर आपण इथून असे वर गेलो की, इकडे हा असा..."

त्याने हेडफोन कानावरून सरकवले. "हात दिसत नाहीयेत."

"काय?"

"तुमचे हात. फार सुंदर जिना काढताय तुम्ही हवेत. पण भांडी घासणाऱ्या माणसाला तो दिसत नाहीये."

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हात अडकले तशी जीभही अडकली. त्याने मग माईकसकट खुर्ची थोडी जवळ ओढली आणि भांडी घासणाऱ्या माणसाच्या वतीने एक साधा प्रश्न विचारला. "मला एक सांगा, जिना चढताना आपण खाली बघत नाही. तरी पडत का नाही?"

हे कधी कुणी तिला विचारलंच नव्हतं. ती थांबली. बराच वेळ थांबली. त्याने काही उडी घेतली नाही.

"पाय... पाय मोजतो," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दोन पायऱ्या चढल्या की पायाला कळतं, पुढची किती उंच असणार. मग डोक्याला न विचारता तो आपला चढत राहतो. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या लागतात. मधे एखादी बोटभर जरी उंच निघाली ना, तर... पायाचा विश्वास मोडतो."

"पायाचा विश्वास," तो पुटपुटला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याला काहीतरी खाऊ दिलाय.

बोलणं संपल्यावर सगळे उठायला लागले, तसं त्याने बोट वर केलं. "थांबा. आता मिनिटभर कुणी बोलू नका."

"का?" काकांनी विचारलं. त्यांना ही कल्पनाच सहन होत नव्हती.

"या खोलीची शांतता घ्यायचीय. प्रत्येक खोलीची वेगळी असते. मी नंतर खोकले वगैरे कापतो, तिथे भोकं पडतात. ती भरायला याच खोलीची शांतता लागते. दुसरीकडची लगेच उघडी पडते."

"म्हणजे रंगासारखं," ती म्हणाली. "भिंतीला पुढे कधी ठिगळ द्यायचं झालं तर त्याच डब्यातला रंग लागतो. म्हणून आम्ही थोडा उरवून ठेवतो."

"अगदी," तो खूश होऊन म्हणाला. "मी तसा डबा भरून ठेवतो."

पहिलं मिनिट काकांच्या शिंकेने गेलं. दुसरं आत्याने कपात चमचा फिरवला म्हणून गेलं. तिसऱ्याला त्याने काकांना सरळ बाहेर काढलं आणि आत्याच्या हातातला कप काढून घेतला. आत्याच्या हातातून काही काढून घेणारा माणूस त्या ऑफिसने प्रथमच पाहिला. मग खोली गप्प झाली. हळूहळू पंख्याची घरघर वर आली, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या, भिंतीतल्या नळाची कुजबुज. बोलायचं नाही, हलायचं नाही... मग बघायचं तरी कुठे? समोर तोच होता. यंत्रावरच्या काट्याकडे एकटक बघत, बोट वर धरून. त्याच्या भुवईत एक छोटासा खळगा होता. मिनिट संपेपर्यंत तो तिला पाठ झाला.

त्यानंतर दोघांना एकमेकांच्या धंद्याचं खूळच लागलं. तो विचारायचा, दार आतच का उघडतं, खिडकीला कट्टा का लागतो, काही घरांत शिरलं की बसावंसं का वाटतं आणि काहींत नाही? ती विचारायची, जिन्यात गाणं गोड का लागतं, रिकाम्या घरात आपलाच आवाज परका का वाटतो? मग नुसतं विचारून भागेना. काम सुटलं की दोघं खोल्या ऐकायला निघायची. पोस्टाचा हॉल, गाड्या ठेवायचं तळघर, दुरुस्तीसाठी रिकामा केलेला पोहायचा तलाव. तलावाच्या तळाशी उभं राहून दोघांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की रखवालदार वरून डोकावून गेला आणि वेड लागलेल्यांना काय बोलायचं म्हणून काही न बोलता परत गेला.

"डोळे मिटा," तो म्हणायचा.

"का?"

"खोली दिसायला लागली की तुम्ही ऐकत नाही."

"आणि मिटल्यावर तुम्ही पळून गेलात तर?"

"पावलं ऐकू येतील. एवढं तरी शिकवलंय मी."

तिने डोळे मिटले. त्याने टाळी वाजवली. "छत किती उंच?"

"बुटकं आहे. आणि... वर काहीतरी मऊ आहे."

"चुकलात तर कॉफी तुमच्याकडून."

"बरोबर निघालं तर?"

"माझ्याकडून."

"म्हणजे कॉफी ठरलेलीच आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

डोळे मिटूनच ती हसली. डोळे उघडायची तिला काही घाई नव्हती.

एकदा पाऊस आला आणि दोघं एका पत्र्याच्या शेडखाली अडकली. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. तो काहीतरी म्हणाला. तिने कान जवळ नेला. "हे मिनिट फुकट गेलं," तो ओरडला. तिला मुळीच फुकट गेलेलं वाटलं नाही.

वाचनालयाचा नकाशाही तिने पुन्हा काढायला घेतला. एका भिंतीची काच काढून तिथे पुस्तकांची कपाटं आणली, कारण पुस्तकं आवाज पितात, असं त्याने सांगितलं होतं. छताला आतून मऊ अस्तर दिलं. आता ती खोली तिला दिसायच्या आधी ऐकू यायची. त्या खोलीवर तिने एक भाग केला. बोलताना नेहमीसारखी अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. तो नेहमीसारखा वाट बघत राहिला.

भाग लोकांसमोर आला आणि आत्याला समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "अहो, ती मुलगी कोण?" त्यांनी विचारलं. "झाडांना पाणी घालता घालता ऐकलं. काय घडाघडा बोलते! बैठकीला तिलाच पाठवा."

आत्याला आनंद झाला. काकांनाही झाला, तेवढे ते मनाने मोठे होते. तिला मात्र कोडं पडलं. घडाघडा? आपण? स्वतःचा आवाज ऐकायचा तिला संकोच होता, म्हणून तिने आजवर एकही भाग ऐकलेला नव्हता. आता ऐकला. त्यात एक बाई बोलत होती, तिच्याच आवाजात. 'अं' नाही, 'म्हणजे' नाही, थांबणं नाही. वाक्यामागून वाक्य, धुऊन इस्त्री केल्यासारखं.

ती तशीच त्याच्या स्टुडिओवर गेली. स्टुडिओ म्हणजे एक लहानशी खोली आणि तिच्या चारही भिंतींना टांगलेल्या जाड रजया.

"ही कोण आहे?" तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही."

"मी अशी बोलते? एका दमात?"

"थोडं साफ केलं. सगळ्यांचंच करतो."

"काकांचंही?"

"काकांचं कापायला गेलं तर भागच उरत नाही."

एरवी ती हसली असती. "मी म्हणाले होते साफ करा म्हणून?"

"नाही. मला वाटलं... तुम्हाला बरं वाटेल."

"बरं? त्या बाईंनी हिला बोलावलंय, मला नाही! मी तिथे तोंड उघडणार आणि अडकणार, आणि त्या विचारणार, ती दुसरी कुठाय? मग काका उठणार, गोड बोलणार आणि माझ्या खोलीच्या डोक्यावर काचेचा घुमट बसणार. तुमच्या कात्रीमुळे."

रजयांच्या खोलीत रागाला जोर येत नाही. कितीही चढ्या आवाजात बोललं तरी शब्द जवळच मऊ पडतात. तिचं बोलणं तिला स्वतःलाच रडवेलं ऐकू आलं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. सबब सांगितली नाही. "तुम्ही थांबता ना, तेव्हा विसरलेल्या नसता. शब्द निवडत असता. आणि मग जो येतो त्याच्या जागी दुसरा चालला नसता. हे मला कळत होतं, तरी कापलं. ऐकणाऱ्यांची सोय बघितली. माझी बघितली असती तर एकही थांबणं काढलं नसतं."

"तुमच्या सोयीचा इथे काय संबंध?"

तो एक वायर गुंडाळायला लागला. ती आधीच नीट गुंडाळलेली होती. "काही नाही. असंच."

असंच! ती तरातरा खाली उतरली. अर्ध्या जिन्यात 'एकही थांबणं काढलं नसतं' हे त्याचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी नीट ऐकू आलं. पण पाय डोक्याला न विचारता उतरतच राहिले. परत वर जायचं तर काहीतरी निमित्त लागतं, आणि रागावून निघालेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "दाढदुखेने तुझा भाग बदललाय. मला विचारून. त्यातलं काहीएक कापलेलं नाही म्हणाला."

तिने तो दार लावून ऐकला. पहिला 'अं' आला तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं. दुसरा आला तेव्हा कमी. मग ती थांबली तिथे, त्या थांबण्याच्या मागे, तिला ऑफिस ऐकू आलं — पंखा, गाड्या, नळ. आणि त्यानंतर आपलाच शब्द येताना ऐकला. मुलांना खोली कशी हवी असते, हे शोधत ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली होती, "आपल्या मापाची." खरंच, दुसरा शब्द तिथे चालला नसता. पण समितीसमोर थांबायचं म्हणजे... तिथे कोण वाट बघणार?

बैठकीचा हॉल म्हणजे समितीचा अभिमान. संगमरवरी फरशी, काचेच्या भिंती, छत इतकं उंच की वरचा दिवा बदलायला शिडी पुरू नये. समितीची मंडळी लांब टेबलाभोवती बसली होती. बैठक पुढच्या भागासाठी हवी म्हणून आत्याने त्यालाही बोलावलं होतं. तो कोपऱ्यात यंत्र मांडून बसला होता आणि ती मुद्दाम तिकडे बघत नव्हती.

"ही वाचायची खोली," तिने सुरुवात केली. "ही... म्हणजे मुलं जेव्हा... अं..."

शब्द गेले. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. कुणीतरी पेनाचं टोपण उघडून मिटलं. काका कळवळून पुढे सरकले, त्यांचं वाक्य तयारच होतं. तिने नकळत हात वर करून त्यांना थांबवलं आणि नुसती उभी राहिली. कान तापले होते. आणि त्या तापलेल्या कानांना एकाएकी कळलं, की हॉल गप्प नाहीये. मुळीच गप्प नाहीये.

वर केलेल्या हाताचं तिने एक बोट केलं.

"मिनिटभर," ती म्हणाली, "कुणी बोलू नका. फक्त ऐका."

मंडळी गोंधळली, पण बोट वर असलं की माणसं आपोआप गप्प बसतात. हॉल बोलायला लागला. वातानुकूलन यंत्र गुरगुरत होतं. बाहेरची लिफ्ट येऊन धडकली. खालच्या रस्त्यावरचा एक हॉर्न काचेतून आत शिरला आणि बाहेर जायची वाट विसरला. खजिनदारांचं पोट गुरगुरलं आणि ते सगळ्या हॉलने सगळ्यांना सांगितलं. मंडळी हसली. ते हसू छतापर्यंत जाऊन दुप्पट होऊन खाली आलं आणि हसणारेच दचकले.

"आता," ती खजिनदारांना म्हणाली, "खुर्ची जरा मागे घ्याल?"

खुर्ची किंचाळली. दोघातिघांनी कानांवर हात ठेवले.

"इथे वर्गभर मुलं वाचत बसलीयत असं समजा. एकाने खुर्ची सरकवली. बाकी सगळ्यांची... ओळ हरवली." ती थांबली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. तिने तो येऊ दिला. "घुमट सुंदर दिसतो. मलाही आवडतो. पण दिसतो एकदा आणि ऐकू येतो रोज. मी काढलेली खोली फोटोत फार दिसणार नाही. पण तिथे बसलेल्या मुलाला... त्याचं स्वतःचं पान उलटलेलं ऐकू येईल."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्या शाळेचा हॉल असाच होता. माझा घसा त्यानेच खाल्ला." त्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "पण तू त्या पॉडकास्टमध्ये बोलतेस तशी इथे बोलली नाहीस."

"मी अशीच बोलते, बाई. आता न कापलेला भाग लावलाय, तो ऐका."

"काल रात्रीच ऐकला. हा मला जास्त कळला." त्यांनी नकाशा आपल्याकडे ओढला. "खोली अशीच राहू दे. घुमट दारात कर, लहानसा. मुलांना ओरडायलाही कुठेतरी जागा हवी. ओरडून घेतील आणि मग आत जातील."

हे तिला सुचलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे पेन्सिल काढली.

मंडळी चहाला खाली गेली. काका सर्वांना सांगत गेले, की ही लहानपणापासूनच अशी बोलकी. हॉलमध्ये ती कागद आवरत राहिली आणि तो वायरी.

"या हॉलची शांतता घ्यायची राहिलीय," तो म्हणाला.

"घ्या की. मी जाऊ?"

"थांबलात तरी चालेल. बोलू नका फक्त."

"मी कशाला बोलतेय?" ती खुर्चीवर टेकली. अजून थोडं फुरंगटून राहायचा तिचा विचार होता.

त्याने हेडफोन चढवले आणि बोट वर केलं. हॉल गुरगुरायला लागला. तिने सवयीने त्याच्या भुवईतल्या खळग्याकडे बघितलं आणि तिला जाणवलं, की तो काट्याकडे बघत नाहीये. तिच्याकडे बघतोय. वर धरलेलं बोट हळूहळू खाली येत चाललंय.

"मला..." तो म्हणाला.

ती चपापली. एका शिंकेसाठी काकांना बाहेर काढणारा हा माणूस! तिने माईककडे बोट दाखवलं. त्याने 'असू दे' अशी मान हलवली.

"मला... म्हणजे... त्या दिवशी रजयांच्या खोलीत मी जे... अं..."

अडला. सपशेल अडला. पुढचं वाक्य तिला दिसत होतं, काकांसारखी उडी घेऊन ती ते पुरं करू शकली असती. तिने हनुवटीखाली हात घेतला आणि वाट बघत राहिली. छातीत धडधडत होतं. ते यंत्रात नक्कीच जात असणार.

"तुम्ही थांबता ना," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा आता काय येणार, याची मला इतकी उत्सुकता असते... ती संपतच नाही. मला वाटतं, ती जन्मभर संपणार नाही. मला तुम्ही आवडता. फार."

ती थांबली. या वेळी शब्द निवडायचा नव्हता. शब्द केव्हाचा तयार होता. पण तो पुढे झुकून इतका जीव कानात आणून बसला होता, की तिला ते आणखी थोडं हवं होतं.

"मलाही," ती म्हणाली. "त्या दवाखान्यापासून."

"तेव्हा तर मी अर्धाच हसत होतो."

"अर्ध्यावर भागवलं मी." मग तिला माईक आठवला. "हे कापशील?"

त्या 'कापशील'वर दोघंही एकदम चमकली.

"नाही," तो म्हणाला.

"आणि मिनिट?"

"बिघडलं. पुन्हा घ्यावं लागेल."

या वेळी बोट तिने वर केलं. दोघं गंभीर चेहरे करून समोरासमोर बसली. पंखा नाही, नळ नाही, नुसतं ते उंच छत आणि लिफ्टची धडधड. आणि मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला, तोच, त्या दिवशी झोपलेला, आणि तिला हसू फुटलं. हॉलने ते उचललं आणि छताखाली घुमवत ठेवलं.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तेच झालं.

दार किलकिलं झालं आणि चहाचा कप हातात घेऊन आत्या डोकावली. "मिळाली का शांतता?"

"अजून नाही," दोघं एकदमच म्हणाली.

आत्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, एकदा दोघांच्या मधोमध चालू असलेल्या यंत्राकडे.

"मग सावकाश घ्या," ती म्हणाली, आणि कपातला चमचा वाजू नये म्हणून तो बोटाने धरून, जराही आवाज न करता तिने दार ओढून घेतलं.